हायडॅटिडची लस: माणसाला हवी की बकऱ्याला?

भांडुपची लेक
दोन वर्षांपूर्वी आईच्या यकृतातून हायडॅटिडची गाठ काढली. नारळाएवढी होती. सर्जननी नंतर ट्रे दाखवला. पांढऱ्या, ओल्या पापुद्र्यात द्राक्षांसारख्या फुगलेल्या पिशव्या. काढताना फुटून आतलं पाणी सांडलं असतं, तर जिवावर बेतलं असतं. हे सगळं कुत्र्याच्या आतड्यातल्या जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्टकृमीमुळे! त्याची अंडी न धुतलेल्या भाजीतून, हातांवरून आपल्या पोटात जातात.

मेंढ्यांसाठी लस आहे, ईजी९५. अर्जेंटिनात २००९ पासून कोकरांना टोचतात. मग माणसासाठी का नाही? हाफकिन यांनी १८९७ मध्ये प्लेगची लस याच मुंबईत स्वतःला टोचून घेतली होती. हे कामही इथेच व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

पशुवैद्य, गोवंडी
ताई, आईंची काळजी घ्या. पण मला हे पटत नाही. या कृमीसाठी माणूस म्हणजे बंद गल्ली, चक्र फिरतं ते कुत्रा आणि बकऱ्या-मेंढ्यांत. गाठ असलेलं कच्चं काळीज-फुफ्फुस दुकानामागे फेकलं की कुत्रा खातो, संपलं. मी अशी काळजं चिरली आहेत. जुनी गाठ चुन्यासारखी कडक होते, सुरीखाली वाळू करकरते. तो कचरा नीट पुरा, कुत्र्यांना प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध द्या. शिवाय माणसात गाठ कळायला कित्येक वर्षं जातात. लशीची चाचणी संपणार कधी?

दादरकर
डॉक्टरांशी सहमत. शिस्टोसोमा या दुसऱ्या परजीवी कृमीवरच्या लशीचं काय झालं? सेनेगलमध्ये लहान मुलांवर तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेली, सुरक्षित ठरली, पण आजार परत होणं थांबलं नाही. कृमी म्हणजे विषाणू नव्हे.

भांडुपची लेक
दादा, ही तुलना चुकते आहे. शिस्टोसोमाचा प्रौढ कृमी रक्तवाहिनीत वर्षानुवर्षं शरीराला चकवत राहतो. ईजी९५ अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळीलाच गाठते, गाठ धरण्याआधी. म्हणून तर ती मेंढ्यांत चालते.

आणि डॉक्टर, प्राझिक्वांटेल पोटातला कृमी मारतं, पण पुन्हा लागण व्हायची थांबवत नाही. म्हणजे साधारण दर दीड महिन्याला गोळी. आमच्या स्टेशनबाहेरच्या कुत्र्यांना ती कोण देणार? रेबीजच्या सुईसाठी एकदा पकडतानाच केवढी धावपळ होते.

पशुवैद्य, गोवंडी
गोळीचं म्हणणं मान्य, तिथे आम्ही कमी पडतो. पण मग तुमच्याच मुद्द्याने लस बकऱ्यांना द्या, माणसांना नव्हे. अडचण अशी की देवनारच्या कत्तलखान्यात येणारी जनावरं राजस्थान, मध्य प्रदेशातून येतात. महिन्याच्या अंतराने दोन सुया तिथे, पाळणाऱ्याच्या अंगणात टोचायला हव्यात. गाठीने त्याचा बकरा मरत नाही, वजनही फारसं घटलेलं दिसत नाही. तो खिशातून पैसे का घालेल?

भांडुपची लेक
त्याने घालूच नयेत. लाळ्या-खुरकूतची लस सरकार फुकट देतं ना? त्याच फेरीत ही द्या.