अमेरिकेतली क्रिटेरियमची ईर्षा टिकणार का? आणि कोल्हापुरात अशी शर्यत घ्यायची तर?

रंकाळा_राउंड:
दोन प्रश्न आहेत. क्रिटेरियम किंवा क्रिट म्हणजे गाड्यांना बंद केलेल्या छोट्या रस्त्यावर फेऱ्या मारत होणारी सायकल शर्यत. २०२२ च्या आसपास लीजन ऑफ लॉस एंजेलिस आणि बेस्ट बडीज या टीमांची जी ईर्षा चालली होती, तिच्यामुळं क्रिट बघायला मजा यायची. मग २०२३ ला नॅशनल सायकलिंग लीग आली. १० लाख डॉलरची बक्षिसं जाहीर झाली आणि २०२४ चा हंगाम झालाच नाही. ईर्षा होती, पैसा होता, मग बिनसलं कुठं?
दुसरं, राजारामपुरीत किंवा विद्यापीठाच्या आवारात रविवारी सकाळी ४० जणांची ४५ मिनिटांची क्रिट घ्यायची तर काय काय लागेल?

पेठेतला_स्प्रिंटर:
पहिल्याचं सांगतो. आपल्याकडं फुटबॉलला पाटाकडील आणि दिलबहार या तालमी समोरासमोर आल्या की शाहू स्टेडियम भरतं. लोक तालमीसाठी येतात, लीगचं नाव काय आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. नॅशनल सायकलिंग लीगनं नेमकं उलटं केलं. आधी लीग काढली आणि मग टीमना शहरांची नावं दिली, डेन्व्हर डिसरप्टर्स, मायामी नाइट्स अशी. मायामी बीच, अटलांटा, डेन्व्हर इथं शर्यती घेतल्या. पण त्या गावात त्या टीमसाठी भांडणारं कोण होतं?

त्यात गुणांची भानगड. साध्या क्रिटमध्ये शेवटच्या फेरीला जो पहिला तो जिंकला, पोराटोरांनाही कळतं. तिथं फेरीफेरीला गुण आणि पुरुष-महिलांचे मिळून टीमची बेरीज. कठड्याला टेकून बघणाऱ्याला कोण पुढं आहे हेच कळेना. गुंतवणूकदारांच्या पैशावर उभं केलेलं, तिकीट नाही, घरचा प्रेक्षक नाही. पुढचा हप्ता आला नाही की संपलं.

लीजनचं तसं नव्हतं. जस्टिन आणि कोरी विल्यम्स या भावांनी २०१९ ला टीम काढली. इंग्रजीत नाव लिहिताना मध्ये ३९ घुसवतात, ते लॉस एंजेलिसमधल्या त्यांच्या ३९व्या रस्त्याचं. म्हणजे पेठच झाली की. आणि ही ईर्षा नुसती तोंडाची नव्हती, रस्त्यावर दिसायची. लीजन शेवटच्या ५-६ फेऱ्यांत ४-५ जणांची रांग पुढं लावायची. वेग इतका ठेवायचा की कुणाला बाजूनं पुढं येता येऊ नये, आणि शेवटच्या वळणातून आपला स्प्रिंटर दुसऱ्या-तिसऱ्या जागेवरून सोडायचा. यावर समोरच्या टीमकडं दोनच उपाय. एक तर त्यांच्या स्प्रिंटरचं मागचं चाक धरून बसायचं, नाहीतर दोन फेऱ्या राहिल्या असताना आतल्या बाजूनं आपली रांग घुसवायची. दुसऱ्यात खांद्याला खांदा लागतो, हँडल अडकतं, आणि वाद तिथंच पेटतो.

भवितव्य विचाराल तर जत्रा झालेल्या शर्यती टिकतील. न्यू जर्सीतलं सॉमरव्हिल १९४० पासूनचं. जॉर्जियातलं अथेन्स ट्वायलाइट १९८० पासून, दिव्यांच्या उजेडात. ओक्लाहोमात टल्सा टफ २००६ पासून, जूनमध्ये तीन दिवस. रविवारी क्राय बेबी हिलच्या चढावर सोंगं घेतलेली एवढी गर्दी असते की सायकलस्वारांना मधून बोळ उरतो. शिकागोचा इंटेलिजेन्शिया कप आणि विस्कॉन्सिनचं डेअरीलँड मिळून उन्हाळ्यात तीन आठवडे निघतात. धोका दुसरीकडून आहे. ग्रॅव्हलकडं, म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांवरच्या शर्यतींकडं प्रायोजक वळले, २०२२ पासून लाइफ टाइम ग्रां प्री ही शर्यतींची मालिका सुरू झाली. आणि चांगली पोरं युरोपला जातात. ल्यूक लँपर्टीनं २०२१, २२, २३ असं लागोपाठ तीनदा राष्ट्रीय क्रिट जिंकलं आणि २०२४ ला बेल्जियमच्या क्विक-स्टेप टीमकडं गेला. जायलाच पाहिजे म्हणा, पण गेल्यावर इथली ईर्षा कुणाबरोबर?

सावली_फ्रीव्हील:
गुणांबद्दल पटतं, पण त्या लीगनं महिलांना बरोबरीचं बक्षीस ठेवलं होतं, तो काही दोष नव्हता दादा. महिला क्रिट हा अमेरिकेचा भक्कम भाग आहे. कोरिन रिव्हेरा कॅलिफोर्नियाच्या क्रिटमधून वर आली आणि २०१७ ला बेल्जियमची मोठी शर्यत टूर ऑफ फ्लँडर्स जिंकली. गर्दीत पुढच्याचं चाक न सोडायची सवय तिथंच लागते. कोल्हापुरात घेणार असाल तर महिलांची शर्यत सकाळी सहाला, रिकाम्या रस्त्यावर उरकू नका. शेवटच्या शर्यतीच्या लगेच आधी ठेवा.

चेनरिंग_५२:
आता दुसरं. फेरी १.२ किमीची धरा, वळणं चार. ४० च्या वेगानं एक फेरी साधारण १ मिनिट ४८ सेकंदांची, म्हणजे ४५ मिनिटांत २५ फेऱ्या आणि १०० वळणं. फेऱ्यांचा आकडा आधी छापू नका. पहिल्या तीन फेऱ्यांची वेळ घेऊन ठरवा, मग उरलेल्या फेऱ्यांची पाटी लावा. शेवटच्या फेरीला घंटा.

राजारामपुरीत गल्ल्या काटकोनात आहेत, वळणं छान मिळतात. पण प्रत्येक गल्लीच्या तोंडाला शिट्टी आणि झेंडा घेऊन दोन माणसं लागतील, एक गाड्या अडवायला, एक शर्यतीकडं बघायला. एकटा माणूस शर्यत बघत बसतो आणि दूधवाला आत येतो. विद्यापीठात तोंडं कमी, पण गतिरोधक मोजा. वळणाच्या आधी ३० मीटरवर गतिरोधक असेल तर तो मार्ग सोडा. ब्रेक मारायच्या क्षणी चाक हवेत असतं.

आदल्या रात्री रस्ता झाडा. हंगामात ट्रॉलीतून पडलेली उसाची कांडी आणि टायरला लागून आलेली माती वळणावर नेमकी आतल्या बाजूला साठते. चेंबरची झाकणं आणि पांढरे पट्टे चुन्यानं घेरून ठेवा. शेवटच्या वळणापासून रेषेपर्यंत २०० मीटर सरळ हवेत. ५० मीटर ठेवलंत तर स्प्रिंट वळणातच सुरू होते आणि वळणातच पडतात.

कठडे शेवटच्या १०० मीटरला दोन्ही बाजूंनी, एकमेकांत अडकवून. आडवे पाय बाहेर आलेले कठडे आपल्याकडं सर्रास मिळतात, ते घेऊ नका. कडेनं जाणाऱ्याचं पेडल त्या पायात अडकतं आणि मागचे दहा जण आडवे. वळणाच्या बाहेरच्या खांबांना पेंढ्याची पोती बांधा. बगॅस, म्हणजे कारखान्यातला उसाचा चोथा फुकट मिळेल, पण भिजला की दगड होतो.

परवानगीला वाहतूक शाखा आणि महापालिका दोन्ही, पत्र महिनाभर आधी. रुग्णवाहिका शर्यतीच्या मार्गातून बाहेर पडणाऱ्या तोंडाला, आत अडकेल अशी नको.

भाग घेणाऱ्यांना एवढं सांगा: २८ मिमी रुंदीचा ट्यूबलेस टायर, ७० किलोच्या माणसाला ६५-७० पीएसआय हवा पुरे, पाऊस असेल तर ५ कमी. ११० भरून आले की टायर उड्या मारतो. वळणात बाहेरचा पाय खाली, पेडल मारणं बंद. आणि घोळक्याच्या शेपटीला राहू नका. पुढचा थोडा ब्रेक मारतो, शेवटच्याला जवळजवळ थांबावं लागतं आणि परत पळावं लागतं, तेही शंभर वेळा. दम नसलेला माणूस पहिल्या पंधरात जास्त टिकतो.

रंकाळा_राउंड:
लई उपयोगाचं, मालक. पंक्चर झालं तर फेरी माफ असते, म्हणजे एक फेरी चुकली तरी चालते म्हणतात. चेन पडली तर?

चेनरिंग_५२:
अमेरिकेतल्या नियमात पंक्चर, पडणं आणि भाग तुटणं याला माफ. नीट न बसवलेल्या किंवा सैल राहिलेल्या भागाला नाही, म्हणून डिरेलर (गिअर बदलणारा भाग) नीट न लावल्यानं पडलेली चेन स्वतःच्या खर्चात. पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या जागी यायचं, चाक बदलायचं, पंचाला दाखवायचं आणि पुढच्या फेरीला आपल्याच घोळक्याच्या मागं लागायचं. परत आल्यावर एक फेरीभर मधल्या फेरीसाठी ठेवलेलं बक्षीस त्याला मिळत नाही. शेवटच्या ८ किमीत माफी बंद, म्हणजे तुमच्या मार्गावर शेवटच्या ६-७ फेऱ्या. हे सुरुवातीच्या रेषेवर माइकवरून दोनदा सांगा, नाहीतर २२ व्या फेरीला दमलेला प्रत्येक जण पंक्चर घेऊन पिटमध्ये येईल.