छत्तीसचा आकडा असलेली जोडी बर्फावर टिकेल का?

पार्ल्याची:
काल बहिणीबरोबर १९९२ चा ‘द कटिंग एज’ हा सिनेमा पाहिला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: केट श्रीमंत घरातली फिगर स्केटर, म्हणजे बर्फावर जोडीने उड्या-गिरक्या घेणारी, तिच्यापुढे एकही जोडीदार टिकत नाही. डग आइस हॉकीवाला. १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये डोळ्याला मार बसतो आणि त्याची हॉकी कायमची सुटते. केटचे कोच या दोघांची जोडी जमवतात, पुढच्या ऑलिंपिकसाठी. दोघांत छत्तीसचा आकडा.

बहीण म्हणाली, “किती आखडू आहे ही!” मला अजिबात पटलं नाही. कॅलगरीत ती जोडीदाराच्या हातून सुटून बर्फावर आपटलेली असते. जिला उचलणाऱ्यानेच पाडलंय, ती पुढच्याच्या हातात स्वतःला लगेच कशी सोपवेल? तिच्या प्रत्येक तोडून बोलण्यामागे मला ती भीती दिसते. म्हणून मला ही प्रेमकथा खरी वाटते.

मुलुंडकर:
खरी? हॉकीवाला चार वर्षंही पुरी न घेता ऑलिंपिकला जोडीने उतरतो, हे खरं? हॉकीच्या स्केटला पुढे दाते नसतात. फिगर स्केटला असतात, टो पिक म्हणतात त्यांना. ते बर्फात रोवून उड्या घेतात आणि सवय नसेल तर त्यांच्यावरच अडखळून माणूस तोंडावर पडतो. डग तसाच पडतो, तेवढं चोख दाखवलंय.

पण न पडता चालायला येणं कुठे आणि जोडीदारणीला डोक्यावर उचलून वेगात जाणं कुठे! त्याच कॅलगरीत जोडीचं सुवर्ण घेतलं येकातेरिना गोर्डेयेवा आणि सर्गेई ग्रिन्कोव यांनी. त्यांची जोडी जमवली तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती, तो चौदा-पंधराचा. सहा-सात वर्षं घासली, तीही लहानपणापासून फिगर स्केटिंगच केलेल्या दोघांनी.

आणि सिनेमातली शेवटची ती चाल! केटचे पाय धरून तिला गरगर फिरवायचं, मग वर फेकून झेलायचं. असं पाय धरून फिरवायला स्पर्धेत मुळात बंदी आहे.

पार्ल्याची:
चालीचं मान्य. ती गाळली असती तरी माझं काही बिघडलं नसतं.

लालबागकर:
मी नऊ वर्षं दहीहंडीत खालच्या थराला उभा राहतोय. खालच्याला वरचं काही दिसत नाही. मान खाली, खांद्यावरच्या पायाच्या दाबावरून समजून घ्यायचं. एका वर्षी माझा आणि शेजारच्या गड्याचा अबोला होता. सरावाला चौथा थर चढताना तो जरासा सरकला, मी सावरून घेतलं नाही, वरचा पोरगा खाली आला. त्याला लागलं नाही, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून हा सिनेमा पाहताना मला राग येतो. दोन वर्षं एकमेकांना टोचून बोलायचं, आणि ऐन बर्फावर उतरताना “माझं प्रेम आहे” म्हटलं की सगळं जुळून येतं? ताई, तिची भीती मला समजते. ती एका वाक्याने जात नाही, एवढंच माझं म्हणणं.

पार्ल्याची:
एका वाक्याने जात नाहीच, दादा. पण मधले सगळे सराव बघा ना. तो रोज तिला उचलतो, रोज झेलतो, आणि भांडण तोंडाने चालू असताना हात चुकत नाहीत. तुमच्यात अबोला होता. हे दोघं तर गप्पच बसत नाहीत, त्यामुळे समोरच्याच्या पोटात काय आहे हे दोघांनाही ठाऊक असतं.

मुलुंडकर:
टोमणे मारणं म्हणजे पोटातलं बोलणं नव्हे. प्रेमाचं तर दोघंही शेवटपर्यंत लपवतात.

लालबागकर:
आमचा अबोला सुटायला गणपती उजाडले. तोवर आम्ही एक थर कमीच लावला, हंडी दुसऱ्यांनी फोडली, तरी चालवून घेतलं. त्या दोघांनीही ती चाल करायची नाही असं ठरवलेलं असतं. मग उतरायच्या मिनिटाला केट म्हणते, करायचीच. पुन्हा पडली असती तर?