हॉकिंग यांचं उदाहरण आणि श्वासाचा प्रश्न

शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग एएलएसचं, म्हणजे चेतापेशी निकामी होऊन स्नायू दुबळे होत जाणाऱ्या आजाराचं, निदान झाल्यावर ५५ वर्षं जगले, मग डॉक्टर दोन-तीन वर्षंच का सांगतात, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण १९६३ मध्ये निदान आणि २०१८ मध्ये निधन, असं फार विरळा घडतं. एएलएसमध्ये दहा वर्षं ओलांडणारा दहातला फार तर एखादाच. सुरुवात बोलण्या-गिळण्यापासून झाली तर आजार सहसा वेगानं वाढतो.

खरी मदार श्वासाच्या स्नायूंवर. सकाळी डोकं जड होणं, आडवं पडलं की धाप लागणं, दिवसभर पेंग येणं, यातलं काही दिसलं तर लगेच श्वासाची तपासणी करून घ्या. रात्री मास्क लावून श्वासाला आधार देणारं यंत्र वेळेत सुरू झालं की आयुष्य वाढू शकतं, झोपही नीट लागते. रिलुझोल या औषधानं आयुष्याचे काही महिनेच वाढतात, तरी घ्यावं असं मला मनापासून वाटतं. अन्न देण्यासाठी पोटात नळी बसवायची असेल तर श्वास फार खालावण्याआधीच बसवा.