‘प्रॅक्टिस’ला मराठीत काय म्हणायचं? (आणि हवाला, उधार, तलपट वगैरे भानगडी)

आडवी_वही:
मदत हवी आहे, जरा लांबलचक लिहितेय, सहन करा. मी इथे बडोद्यात कॉमर्समध्ये पीएचडी करतेय. विषय आहे छोट्या इंजिनिअरिंग कंपन्यांमधल्या अकाउंटिंग आणि फायनान्स प्रॅक्टिसेस, म्हणजे उधारी कशी वसूल करतात, स्टॉक कधी मोजतात, घसारा (मशीनची झिजेपोटी दरवर्षी कमी धरायची किंमत) कुठल्या दराने लावतात, नवीन मशीन घ्यायचं तर काय हिशोब करून ठरवतात, असलं सगळं. अर्धे कारखाने आपल्या मकरपुरा जीआयडीसीतले (गुजरातची एमआयडीसीच म्हणा) आणि अर्धे नाशिकच्या सातपूर-अंबडचे. प्रश्नावली आधी इंग्रजीत केली, मग गुजरातीत, आणि नाशिकसाठी मराठीत. मराठी काय घरचीच म्हणून ती सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत केली, आणि तिथेच आपटले.

पायलटला पाच-सहा जणांना पाठवली होती. पहिलाच प्रश्न, ‘आपल्या कंपनीतील लेखा प्रथा कोणत्या?’ एका मालकांचा फोन, ताई प्रथा म्हणजे काय, हुंड्यासारखी का? मग प्रथा काढून ‘पद्धती’ टाकलं, तर तिघांनी उत्तर लिहिलं ‘टॅली’ (म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर), एकाने ‘डबल एन्ट्री’ आणि एकाने ‘आमच्या सीएंना विचारा’. पुढे अजून एक प्रश्न होता, वर्षाखेरीच्या हवाला नोंदी कोण करतं. आता गुजरातीत ॲडजस्टमेंटला हवालाच म्हणतात, शाळेच्या पुस्तकात तसंच शिकले, मला त्यात काही खटकलंसुद्धा नाही. तिकडून उत्तर आलं, ‘आमच्याकडे असले धंदे होत नाहीत.’ पुढचे प्रश्न त्यांनी कोरेच ठेवले.

हवालाचं ‘समायोजना’ केलं, ते महाराष्ट्राच्या पुस्तकात आहे. पण प्रॅक्टिसचं काय करू? पद्धत, प्रथा, वहिवाट, परिपाठ, प्रघात, काहीही सुचवा.

मांडवीचा_मेहताजी:
अगं शिरस्ता! एवढा चांगला शब्द असताना कुठे फिरतेयस. मूळ फारसी सररिश्ता, सर म्हणजे टोक, रिश्ता म्हणजे दोरा, दोऱ्याचं टोक हातात असणं. त्यावरूनच शिरस्तेदार. ‘आमच्याकडे असा शिरस्ता आहे’ म्हटलं की लिहिलेला नियम नाही पण वर्षानुवर्षं तसंच चालतंय हे एका शब्दात आलं, तुझं प्रॅक्टिस ह्याहून वेगळं काय आहे.

मी छत्तीस वर्षं अकाउंट्समध्ये काढली, सुरुवात लाल कापडी चोपड्यावर केली, शेवट कॉम्प्युटरवर. हिशोबाचे निम्मे शब्द आपल्याकडे फारसीतून आलेत आणि ते माणसांच्या आडनावात जाऊन बसलेत. फडणीस म्हणजे फर्दनवीस, हिशोबाचे कागद लिहिणारा. जमेनीस जमा लिहिणारा, पोतनीस खजिन्याकडचा. आणि मुजुमदार म्हणजे सगळी बेरीज ज्याच्याकडे, अष्टप्रधानातला अमात्य तोच. दांडिया बाजारात एका ओळीत ही सगळी खाती राहायची, आता निम्मे कॅनडात.

इंदूरची_सून:
शिरस्ता छान आहे पण काका चाळिशीच्या आतल्या किती जणांना कळेल? मला तरी ‘शिरस्त्याप्रमाणे’ एवढंच ठाऊक, म्हणजे नेहमीप्रमाणे.

माझं शिक्षण इंदूरला हिंदी मीडियमला, लग्न होऊन इथे आले. तिकडे कन्व्हेन्शनला परिपाटी म्हणायचे, आणि ट्रायल बॅलन्सला, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळतात का बघायच्या यादीला, काय म्हणतात माहितीये का, तलपट! बीकॉमला असताना मी घरी जोरात ओरडले, ‘आत्या, तलपट मिल गया!’ आत्या पूजेला बसलेली, ती उठूनच आली, भरल्या घरात असलं अभद्र काय बोलतेस म्हणून. तिच्या कानाला तळपट ऐकू आलं, ‘तुझं तळपट होवो’ मधलं. आणि बॅलन्सशीट म्हणजे चिट्ठा. आता कच्चा चिट्ठा म्हटल्यावर हिंदी माणसाला लफडीच आठवणार, बॅलन्सशीट कशी आठवेल.

मांडवीचा_मेहताजी:
हाहा. ट्रायल बॅलन्सला मराठीत तेरीज. गुजरातीत कच्चं सरवैयुं, आणि ताळेबंद, म्हणजे बॅलन्सशीट, ते पक्कं सरवैयुं. मला ह्यात मराठी ताळेबंद सर्वात आवडतो, ताळा पडला आणि बंद केलं. तेरीज जुळेपर्यंत आम्ही घरी जायचो नाही. आमचे मोठे मेहताजी पहिलं विचारायचे फरक किती. फरकाला ९ ने भाग गेला तर आकडे उलटसुलट पडलेत, ५४ चे ४५ झालेत, ते शोध. सरळ निम्मा करून तोच आकडा वहीत सापडला तर एका बाजूची रक्कम दुसऱ्या बाजूला गेलीय. नव्वद टक्के वेळा एवढ्यातच सुटायचं, उरलेल्या वेळी रात्रीचे अकरा वाजायचे. कॉम्प्युटर आल्यावर तेरीज कायम जुळलेलीच असते, चूक मात्र आहे तिथेच असते, फक्त आता ती ओरडत नाही.

सुरसागर_काठ:
विषय कुठल्या कुठे. ताई, मी सीए आहे म्हणून सांगतो, प्रॅक्टिस तसंच ठेवलंत तरी गोंधळ होणार. आमच्यात ‘प्रॅक्टिसमध्ये आहे’ म्हणजे नोकरीत नाही, स्वतःचं ऑफिस आहे. डॉक्टर-वकिलांचंही तेच. आणि पोरांना प्रॅक्टिस म्हणजे नेटमधली.

तुम्हाला तीन गोष्टी वेगळ्या दाखवायच्यात असं मला वाटतं, त्या आधी वेगळ्या करा, शब्द मग आपोआप सापडेल. एक मानक, म्हणजे स्टँडर्ड, ते कंपनीच्या बाहेरून येतं. दुसरं धोरण, म्हणजे पॉलिसी, कंपनीने मानकाच्या चौकटीत स्वतः निवडलेलं आणि ताळेबंदाच्या टिपांमध्ये छापलेलं. आणि तिसरं रोज खरोखर जे होतं ते. घसाराच घ्या. २०१३ च्या कंपनी कायद्याची दुसरी अनुसूची सांगते की मशीनचं आयुष्य धरा, साध्या प्लँट-मशिनरीला १५ वर्षं, आणि त्या आयुष्यात किंमत वाटून टाका. इन्कम टॅक्सवाले म्हणतात सगळ्या मशिनांचा एक ब्लॉक करा आणि उरलेल्या किमतीवर दरवर्षी १५ टक्के काढा. १५ चा आकडा दोन्हीकडे, पण एकीकडे वर्षं आणि एकीकडे टक्के, नवशिकी पोरं इथे हमखास घसरतात. आता टिपांमध्ये छापलेलं असतं ‘उपयुक्त आयुष्यानुसार’, आणि छोट्या कारखान्याच्या टॅलीत चढतो इन्कम टॅक्सचा दर, तोही मार्च संपल्यावर, तोही आमचा आर्टिकल (शिकाऊ सीए) जाऊन चढवतो तेव्हा. तुमचा पीएचडीचा विषय ही तिसरी गोष्ट आहे. तिला शिरस्ता म्हणा नाहीतर आणखी काही.

आडवी_वही:
दादा हेच तर! हे मला गाइडना सहा महिने सांगता येत नव्हतं. फायनान्समध्ये ह्यावर गाजलेला अभ्यास आहे, ग्रॅहम आणि हार्वे, २००१ चा, त्यांनी ३९२ सीएफओंना (कंपन्यांच्या फायनान्सप्रमुखांना) सरळ विचारलं की तुम्ही करता काय. पुस्तकं पिढ्यान् पिढ्या शिकवतात की प्रकल्प एनपीव्हीवर ठरवा, म्हणजे पुढे येणाऱ्या सगळ्या पैशाची आजची किंमत काढून; पेबॅक, म्हणजे घातलेला पैसा किती वर्षांत परत येतो, हा कच्चा आहे, त्यात त्यापुढच्या वर्षांचा पैसा मोजलाच जात नाही. तर साधारण पाऊणशे टक्के म्हणाले की एनपीव्ही आणि आयआरआर (प्रकल्पावर सुटणारा परताव्याचा दर) आम्ही नेहमी किंवा बहुतेक वेळा वापरतो, पण निम्म्याहून जास्त लोक पेबॅकही वापरतातच. मकरपुऱ्यात तर सगळे एकच वाक्य बोलतात, ‘बेन, मशीन केटला वरसमां पैसा काढी आपे?’ मशीन किती वर्षांत पैसे काढून देतं, म्हणजे पेबॅकच, फक्त त्याला नाव नाही.

आता उधारची गंमत सांगते, कारण त्यात माझे दोन दिवस गेले. गुजरातीत डेबिट म्हणजे उधार, क्रेडिट म्हणजे जमा. मराठीत डेबिट म्हणजे नावे. मी गुजरातीवरून उतरवताना ‘उधार बाजू’ तसंच ठेवलं. नाशिकच्या माणसाला उधार म्हणजे उधारीवर घेतलेला माल, म्हणजे इंग्रजीत क्रेडिट! एकच शब्द, इकडे डेबिट आणि तिकडे क्रेडिट. आणि ‘लेणं’ तर विचारूच नका. गुजरातीत लेणुं म्हणजे येणं रक्कम, मी एका ठिकाणी बोलताना म्हटलं तुमचं लेणं किती दिवसांचं असतं, तर समोरचे म्हणाले, लेणी इथून जवळच आहेत मॅडम, पांडवलेणी, संध्याकाळी जाऊन या.

इंदूरची_सून:
😂😂 गुडविलला, धंद्याच्या नावाला जी किंमत येते तिला, काय केलंस मग?

आडवी_वही:
गुजराती पुस्तकात पाघडी, मराठीत ख्याती. पाघडी लिहिलं असतं तर मुंबईकडच्या माणसाला भाड्याच्या गाळ्याची पागडीच वाटली असती. पण खरं सांगू का, मला पाघडी जास्त आवडतो. ख्याती हवेत असते, पाघडी डोक्यावर असते, काढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवता येते. धंदा विकताना नेमकं तेच होतं ना.

रावपुरा_टपाल:
एवढी चर्चा चाललीय आणि कोणाला सयाजीशासनशब्दकल्पतरु आठवला नाही? बडोद्याचे आहात ना सगळे? सयाजीराव महाराजांनी १९३१ साली ह्याच कामासाठी काढला. एक इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्याच्यासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे सगळे शब्द मांडायचे. ज्या संस्थानात राजा मराठी, प्रजा गुजराती आणि कायद्याची पुस्तकं इंग्रजी, तिथे दुसरं काय करणार. ताई लायब्ररीत जाऊन बघून घ्या.

माझं मत म्हणाल तर वहिवाट. जे वाहत आलंय ते.

सुरसागर_काठ:
वहिवाट नको. वहिवाट म्हटलं की शेताचा रस्ता आणि कोर्ट. ‘तुमच्या कंपनीची वहिवाट’ वाचून मालक सातबारा काढेल.

मांडवीचा_मेहताजी:
आणि परिपाठ म्हटलं तर महाराष्ट्रात शाळेची सकाळची प्रार्थना. राहता राहिला प्रघात, तो बरा आहे पण त्यात आघात ऐकू येतो. मी आपला शिरस्त्यावर ठाम.

मुली एक विचारतो, वर्किंग कॅपिटलला, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशाला, काय लिहिलंस? कार्यशील भांडवल लिहिलं असशील तर आधी खोड.

आडवी_वही:
नाही काका, खेळतं भांडवल! तो एकच शब्द असा निघाला की एकाही माणसाने फोन केला नाही. गुजराती-हिंदीत कार्यशील, म्हणजे पैसा ऑफिसला गेल्यासारखा वाटतो. खेळतं म्हटलं की कळतंच, खेळती हवा तसा खेळता पैसा, अडला की जीव गुदमरतो. आणि अडतो तो कुठे हेही सगळ्यांना पाठ. २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांचा) कायदा सांगतो की छोट्या पुरवठादाराशी लेखी करार केलेला असला तरी ४५ दिवसांच्या वर मुदत नाही. मी विचारलं तुमचे पैसे किती दिवसांत येतात, एक जण म्हणाले कायद्याने पंचेचाळीस, आणि मग नुसते हसले. त्या हसण्याला माझ्या फॉर्ममध्ये रकानाच नाही.

रावपुरा_टपाल:
मग ठरलं काय शेवटी? शिरस्ता की वहिवाट?

आडवी_वही:
काल रात्री बसून सगळे प्रश्न परत लिहिले. कल्पतरुही बघणार आहे, पण झालं असं की सीए दादांच्या घसाऱ्याच्या उदाहरणावरून लक्षात आलं, आपण बोलताना ह्याला नाव देतच नाही. दुकानात, ऑफिसात, घरात, सगळीकडे म्हणतो ‘आमच्याकडे असं करतात’. इंग्रजीत त्याचं नाम होतं म्हणून मी नाम शोधत बसले. आता प्रश्न असे आहेत: तुमच्याकडे स्टॉक कधी मोजतात? कोण मोजतं? उधारी थकली की पहिला फोन कोण करतं? मशीन घ्यायचं हे कशावरून ठरवता? सगळ्या भागाला वर मथळा हवा होता तिथे ‘हिशोबाचे शिरस्ते’ टाकलंय, काका खूश व्हा. मथळा तसाही कोणी वाचत नाही.

मांडवीचा_मेहताजी:
वाचत नाही ते माहितीये, तरी खूश. उत्तरं आली का मग काही?

आडवी_वही:
दोन आली. एकाने स्टॉकच्या प्रश्नाला लिहिलंय, ‘३१ मार्चला मोजतो. मोजतो म्हणजे शेठ आकडा सांगतात.’ आता ह्याला कोड काय देऊ, ‘मोजतात’ की ‘मोजत नाहीत’?

सुरसागर_काठ:
तिसरा कोड काढा. तो बऱ्याच ठिकाणी लागेल.