म्हातारा झाला म्हणजे हुशार झाला?

फाशांचा_फकीर: काल कुणीतरी डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं खेळवायच्या खेळाबद्दल ठणकावून लिहिलं, "डी अँड डी ३.५ चा वयाचा तक्ता खरा, पाचव्या आवृत्तीने तो काढून पोरखेळ केला." डोकं उठलं. त्या तक्त्यात माणूस ३५ चा झाला की शरीराचे आकडे घसरतात, बुद्धीचे चढतात. ५३ ला पुन्हा, ७० ला पुन्हा. आमच्या टेबलावर एक पठ्ठ्या सलग तीन मोहिमांत सत्तरीचाच विझार्ड, म्हणजे जादूगार, घेऊन आला. इंटेलिजन्स फुकट तीनने वर! ताकद गेली तर त्याचं काय जातंय?

पुणेरी_पॅलाडिन: कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे काटकपणा, सोयीस्कर विसरलात. ते सहाने उतरतं. दहाचं चार झालं की पहिल्या लेव्हलला विझार्डकडे उरतो एक हिट पॉइंट, म्हणजे जिवाचा एकच गुण. मांजराने बोचकारलं तरी आडवा. आणि वय अंगाला जाणवू नये का? मी ४६ चा. सिंहगडावर परवा तीनदा बसलो.

फाशांचा_फकीर: बसलात, पण शहाणे कुठे झालात?

यक्षीण_हजारी: माणसांचं सोडा हो. त्याच पुस्तकात एल्फ (शेकडो वर्षं जगणारी जमात) विझार्डचं सुरुवातीचं वय ११० अधिक दहा फासे. म्हणजे किमान १२०, आणि तरी लेव्हल एक! माणूस तेच विशीच्या आसपास शिकून येतो. शंभर वर्षं एकाच इयत्तेत?

पुणेरी_पॅलाडिन: कविता करत होता.

यक्षीण_हजारी: शंभर वर्षं?

पुणेरी_पॅलाडिन: तुम्हाला एल्फ खुपतात, सरळ सांगा. कायम ड्वार्फच, म्हणजे बुटकेच, घेता.

यक्षीण_हजारी: माझ्या ड्वार्फवर येऊ नका. तुमच्या एल्फने मागच्या खेळात पहाऱ्यावर सगळ्यांना मारवलं. झोप लागत नाही म्हणे, ट्रान्स, म्हणजे समाधी, लागते!

फाशांचा_फकीर: एल्फांचा धागा वेगळा काढा! पेंड्रॅगन हा असाच दुसरा खेळ बघा. दर हिवाळ्यात हिशेब, पस्तिशीनंतर फासा, आकडे झडतात, बदल्यात काही नाही. १९७७ च्या ट्रॅव्हलर या खेळात तर चार-चार वर्षं नोकरी करत कौशल्यं मिळवायची, चौतिशीपासून म्हातारपणाचे फासे टाकायचे. पात्र तयार होता होताच मरू शकतं. हव्यासाची किंमत मोजावी लागते तिथे.

पुणेरी_पॅलाडिन: पेंड्रॅगन खेळलोय. माझा नाइट (शिलेदार) झिजत झिजत गेला, त्याचा पोरगा घेऊन पुढे खेळलो. बापाची तलवार त्याच्या हाती दिली तेव्हा टेबलावर कुणी बोललं नाही. तेवढं मान्य, तो नियम सरस. पण ३.५ चा तक्ता वाईट नाही, तुमचा तो पठ्ठ्या वाईट आहे.

आणि एल्फ कविताच करत होता.