शंखवाली, बिनशंखाची, झाकणवाली: सगळ्या गोगलगायी एकाच गटातल्या का?

बांधावरची (मखमलाबाद, नाशिक):
पावसाळ्यात आमच्या द्राक्षबागेत मोठी शंखी गोगलगाय येते. न्हाणीच्या भिंतीवर काळी, चपटी, पाठीवर फिकट पट्टा असलेली बिनशंखाची असते. आणि अंजनेरीला पालापाचोळ्यात एक छोटी दिसली, आत गेली की दार लावून घेणारी. लेक बीएस्सीला आहे. तिच्या जुन्या पुस्तकात जमिनीवरच्या सगळ्या 'पल्मोनाटा' म्हणजे फुफ्फुसवाल्यांच्या गटात, नवीन यादीत तो गटच नाही. खरं काय?

दिंडोरीकर:
सगळ्या मृदुकाय संघातल्या, उदरपाद वर्गातल्या. शंखी दिसली की संध्याकाळी ओली गोणपाटं टाका, सकाळी खालच्या वेचा. उघड्या हातानं नको, तिच्यात उंदरांच्या फुफ्फुसातल्या कृमींच्या अळ्या असू शकतात.

पाचोळा:
ताई, तुम्ही पाहिलेल्या तिघी तीन वेगळ्या घराण्यांतल्या आहेत, आणि मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

शंखी म्हणजे लिसॅकॅटिना फुलिका, जुन्या पुस्तकांतली अकॅटिना. मूळची पूर्व आफ्रिकेची. 1847 मध्ये मॉरिशसहून कलकत्त्याला आणली गेली. तिचा गण स्टायलोमॅटोफोरा. शिंगांच्या दोन जोड्या, डोळे वरच्या जोडीच्या टोकाला. बोट लावलंत तर शिंग मोज्याचं टोक आत ओढावं तसं उलटं आत जातं. उजवीकडे श्वासाचं भोक उघडझाप करताना दिसेल.

भिंतीवरची बहुधा लेव्हिकॉलिस आल्टे, व्हेरोनिसेलिडी कुळातली. तिला ते भोक नाही, फुफ्फुसही नाही, ती कातडीतून श्वास घेते. तिची शिंगं आखडतात, पण उलटी होत नाहीत. तिचे जवळचे नातलग समुद्रकिनाऱ्यावर राहणारे ऑन्किडिडी. म्हणजे 'बिनशंखाची' हा गट नव्हेच. शंख लहान होणं, जाणं हे वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे घडलंय. सह्याद्रीतली मारिएला पाहा: ती शंखीच्याच गणातली, पण कवच पातळ आणि कातडीखाली जवळजवळ झाकलेलं.

पल्मोनाटाबद्दल: 2005 च्या बुशे आणि रोक्रोआ यांच्या वर्गीकरणात तो औपचारिक गट राहिला नाही. पुढे जनुकीय अभ्यासांत फुफ्फुस नसलेले काही समुद्री प्राणी या फुफ्फुसवाल्यांच्या मधोमध निघाले, म्हणून आता व्यापक 'पॅनपल्मोनाटा' म्हणतात. लेकीचं पुस्तक जुनं आहे इतकंच, तिनं परीक्षेत पुस्तकाप्रमाणेच लिहावं.

अंजनेरीच्या दाराचं मात्र आधी सांगा. ते पांढरं, कागदासारखं होतं का?

बांधावरची:
नाही, तपकिरी, टणक. चालायला लागली की शेपटीकडे पाठीवर चिकटलेलं दिसत होतं.

पाचोळा:
मग ते खरं झाकण. कागदी पापुद्रा असता तर कोरड्या दिवसांत शंखी वगैरे चिकट स्रावानं तोंड बंद करतात तो प्रकार, पावसात गळून पडणारा. तुमची बहुधा सायक्लोफोरिडी कुळातली. डोळे शिंगांच्या बुडाशी, शिंगांची एकच जोडी, नर-मादी वेगळे. बाकीच्या दोघी मात्र उभयलिंगी. ती पल्मोनाटातली नव्हेच. बीएस्सीला शिकवतात त्या 'पायला' नावाच्या तळ्यातल्या गोगलगायीच्या बाजूची ती, दोघी सीनोगॅस्ट्रोपोडा गटात. पुढच्या वेळी पाहिलीत तर शिंगांच्या बुडाचा जवळून फोटो घ्या आणि तिला त्याच पाचोळ्यात ठेवा.