बोरन्हाणाचे फोटो काढायचे आहेत, पण धीर होत नाही

प्रश्न:
मी दोन वर्षे निसर्गाचे फोटो काढत आहे. आता परिचयातील एका कुटुंबाने बाळाच्या बोरन्हाणाचे फोटो काढण्याची विनंती केली आहे. डोंगर शांत उभा राहतो. मूल मात्र थांबत नाही, आणि पालक अपेक्षेने पाहू लागले की माझा आत्मविश्वास डळमळतो. तयारी कशी करावी?

प्रतिसाद १:
आपली धास्ती बहुधा माणसांची नसून आयत्या वेळी बदलाव्या लागणाऱ्या सेटिंगची आहे, म्हणून ती आधीच ठरवून टाकावीत. डोक्यावरून पडणारी बोरे टिपण्यासाठी शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवावा आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ऑटोवर सोडावा. तो वाढून फोटोत थोडे कण दिसले तरी चालतात, हललेला चेहरा चालत नाही. शिवाय बाळाचे कपडे काळे असल्याने कॅमेरा अनेकदा फोटो गरजेपेक्षा उजळ काढतो आणि हलव्याचे पांढरे दागिने फटफटीत दिसतात, तेव्हा एक्सपोजर (फोटोसाठी घेतला जाणारा प्रकाश) अर्ध्या ते एका स्टॉपने कमी करावे; एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा.

प्रतिसाद २:
तांत्रिक भाग पटला, परंतु भीती सरावानेच जाते. घरातील भाचरांना खिडकीजवळ खेळू देऊन, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून फोटो काढून पाहावेत. मी स्वतः पहिली दहा मिनिटे कॅमेरा बाजूला ठेवतो. ‘इकडे बघ, हस’ असा घोष लावणाऱ्या आजींना (त्या प्रत्येक घरी असतात) बाळाशी खेळण्याची विनंती करावी.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. फ्लॅश वापरावा का?

प्रतिसाद १:
छत पांढरे असल्यास त्याकडे वळवून वापरावा. थेट बाळाच्या चेहऱ्यावर नको.